दिवसा राबणाऱ्यांचं विद्यापीठ

मार्च 1836 मध्ये एक अमेरिकन प्रवासी मुंबईत आजारपणात वारला. बंदरात उतरून त्याला महिनाही झाला नव्हता. जॉन लोवेल त्याचं नाव, वय अवघं छत्तीस. बोस्टनच्या बड्या घराण्यातला हा माणूस. वडील फ्रान्सिस कॅबट लोवेल यांचं नाव अमेरिकेतल्या कापडगिरण्यांच्या उभारणीशी कायमचं जोडलेलं. पत्नी आणि दोन्ही मुली पाठोपाठ गेल्यावर तो जग पाहायला बाहेर पडला होता. वाटेत इजिप्तमध्ये, लक्सरच्या भग्न अवशेषांत मुक्काम असताना, त्यानं मृत्युपत्राचा अखेरचा मजकूर लिहून घरी धाडला. आपली निम्मी मालमत्ता, म्हणजे सुमारे अडीच लाख डॉलर, बोस्टनच्या नागरिकांना ज्ञान मिळावं म्हणून व्याख्यानांसाठी ठेवावी, असं त्यात होतं. सर्वसामान्यांसाठीची व्याख्यानं फुकट. अधिक खोलात जाणाऱ्या अभ्यासक्रमांना फी घ्यायचीच असेल, तर ती दोन बुशेल गव्हाच्या किमतीपेक्षा जास्त असू नये, अशी अट त्यानं घातली.

दोन बुशेल गहू म्हणजे साधारण 54 किलो. केंद्र सरकारनं 2025-26 च्या खरेदी हंगामासाठी गव्हाला क्विंटलमागे 2,425 रुपये हमीभाव जाहीर केला होता. त्या दरानं ही फी तेराशे रुपयांच्या आसपास येते. आज पुण्यात तेवढ्या पैशांत कोणता क्लास मिळतो, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं. लोवेलनं आकडा डॉलरमध्ये लिहिला नाही, धान्यात लिहिला. पैशाची किंमत पिढीगणिक घसरते, पण घरात किती धान्य लागतं हे फारसं बदलत नाही. कष्टकऱ्याच्या घरखर्चाशी फीचं नातं जोडणारी इतकी साधी कसोटी मला दुसरी माहीत नाही.

1910 साली हार्वर्ड विद्यापीठानं गावातल्या नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग रीतसर सुरू केले. तेव्हाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल याच घराण्यातले, आणि जॉन लोवेलच्या निधीचे विश्वस्तही. गव्हाची अट त्या वर्गांनाही लागू झाली. जगातल्या नामांकित विद्यापीठांपैकी एकाचे प्राध्यापक दिवसा नेहमीच्या विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि संध्याकाळी कारकून, शिक्षिका, दुकानातले मदतनीस यांना. ते वर्ग आजही चालू आहेत.

त्याच 1910 मध्ये गोव्याच्या साखवाळ गावचा एक माणूस हार्वर्डला पोहोचला होता. धर्मानंद कोसंबी. तिथल्या प्रोफेसर लानमन यांच्याबरोबर 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम करायला त्यांना बोलावलं होतं. हे तेच कोसंबी, जे 1899 साली घर सोडून संस्कृत शिकायला पुण्यात आले, मग काशी, मग सिलोन असं पायपीट करत शिकत राहिले. त्यांच्या शिक्षणाला ना वय आडवं आलं, ना पदवी नसणं. 1912 मध्ये ते परतले आणि 1918 पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवलं. पु. वि. बापटांसारखे अभ्यासक तिथेच घडले. ज्या फर्ग्युसन रस्त्यानं कोसंबी शिकवायला जात असतील, त्याच रस्त्यावर, गुडलक चौकाकडच्या टोकाला, पुण्याच्या संध्याकाळच्या शिक्षणाचं आजचं सर्वांत ओळखीचं ठिकाण आहे: रानडे इन्स्टिट्यूट.

त्या इमारतीकडे वळण्याआधी थोडं मागे जायला हवं. दिवसा राबणाऱ्यांना दिवस मावळल्यावर शिकवावं, हे पुण्याला बोस्टनकडून शिकावं लागलेलं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. हार्वर्डच्या वर्गांच्या 55 वर्षं आधी. लंडनमध्ये जॉर्ज बर्कबेक यांनी कारागिरांसाठी 1823 साली संस्था काढली होती, तिचंही पुढे विद्यापीठीय महाविद्यालय झालं आणि ते आजवर संध्याकाळी भरतं. पण बर्कबेक यांच्यापाशी वर्गणीदार होते, वर्तमानपत्रांचा पाठिंबा होता. फुले दांपत्याला जातीबहिष्काराला तोंड देत हे करावं लागलं. दिवसा मुलींच्या शाळा, रात्री प्रौढांची, आणि मधल्या वेळेत पोट भरण्याचा उद्योग.

पुढे 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी जो मुद्दा मांडला, तो आजच्या विषयाच्या गाभ्याशी जातो. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावर खर्च होताना त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्यांची मागणी प्राथमिक शिक्षणाची होती. पण हिशेब तोच राहतो. विद्यापीठ ज्यांच्या करावर चालतं, त्यांतले बहुतेक जण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात विद्यापीठात पाऊल ठेवू शकत नाहीत. ते दुकानाच्या गल्ल्यावर, यंत्रावर, रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा स्वयंपाकघरात असतात. 2014 पासून पुण्याचं विद्यापीठ सावित्रीबाईंचं नाव लावतं. ज्या बाईंनी रात्रीची शाळा चालवली त्यांचं नाव घेतल्यावर संध्याकाळचे वर्ग हा विद्यापीठाचा जोडधंदा राहत नाही, ते मुख्य कामांपैकी एक ठरतं, असं मला मनापासून वाटतं.

पुण्यात ही परंपरा तुटक का होईना, पण टिकली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्याच्या संध्याकाळी आजही भरते. बाजीराव रस्त्याच्या परिसरात पूना नाईट हायस्कूल आहे. दिवसभर गाडी ओढणारी, हॉटेलात टेबलं पुसणारी मुलं तिथं रात्री दहावीचा अभ्यास करतात. 1949 साली पुणे विद्यापीठ उभं राहिलं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांच्या नावाची व्याख्यानमाला विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ गावोगावच्या महाविद्यालयांतून चालवतं. वक्ते पुण्यातून पारनेर, सिन्नर, जुन्नरकडे जातात. विद्यापीठानं आपण होऊन लोकांकडे जायचं, हा त्यामागचा विचार. पण व्याख्यान ऐकणं आणि वर्गात बसणं यांत मोठा फरक आहे. व्याख्यान डोक्यात कुतूहल पेरतं. वर्ग माणसाला वर्षभर बांधून ठेवतो, चुका दुरुस्त करतो आणि शेवटी परीक्षा घेऊन कागद हातात देतो.

तो कागद रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मिळतो. न्यायमूर्ती रानडे 1901 साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या पुढाकारानं निधी जमला आणि उद्योग व अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी रानडे यांच्या नावानं संस्था उभी राहिली. पुढे ही वास्तू विद्यापीठाकडे आली. विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग तिथं बसतो: जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, जपानी. वृत्तविद्या विभागही तिथलाच, 1964 पासूनचा. भाषांचे अर्धवेळ अभ्यासक्रम सकाळी लवकर आणि संध्याकाळी भरतात, म्हणजे कचेरी उघडण्याआधी किंवा सुटल्यावर. प्रमाणपत्र, मग पदविका, मग उच्च पदविका, अशा पायऱ्या. एक चढल्याशिवाय दुसरी नाही.

अशा वर्गातली संध्याकाळ एकदा तरी जवळून पाहावी. वर्ग सुरू होतो तेव्हा निम्मी बाकं रिकामी असतात. पुढची रांग निवृत्त मंडळींची. ती वेळेआधी येऊन कालचा गृहपाठ उघडून बसतात. मधल्या बाकांवर जवळच्या कॉलेजांतली मुलं-मुली. मग दार हळूच ढकलत एकेक जण येऊ लागतो, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच, एका खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, दुसऱ्या हातात हेल्मेट. हिंजवडीहून येणाऱ्याला विद्यापीठ चौकातली गर्दी पार करून यावं लागतं, त्याचा वेळ त्याच्या हातात नसतो. अनुभवी बाई हजेरी वर्गाच्या सुरुवातीला घेत नाहीत, शेवटी घेतात. शेजारी बसलेली साठीची बाई उशिरा आलेल्याकडे आपली वही सरकवते. तिचा नातू जर्मनीत जन्मलेला आहे आणि तिला त्याच्याशी त्याच्या बोलीत दोन वाक्यं बोलायची आहेत. पलीकडच्या मुलाला चाकणच्या कारखान्यात जर्मन यंत्राची माहितीपुस्तिका वाचता आली तर बढती मिळणार आहे. दोघं एकाच तक्त्यावरची क्रियापदं घोकतात. पदवीच्या वर्गात सगळे एका वयाचे, एका परीक्षेच्या भीतीनं आलेले. इथं प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि ते त्याचं स्वतःचं असतं. शिकवणाऱ्याला याहून चांगला श्रोता मिळत नाही.

पुण्यात जर्मन आणि जपानीला एवढी मागणी का, याचं उत्तर कारखान्यांत आहे. फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ यांचे चाकणचे प्रकल्प 2009 मध्ये सुरू झाले, आणि त्याआधीपासूनही पिंपरी-चिंचवड पट्ट्यात युरोपीय यंत्रोद्योग रुजलेला होता. माहिती तंत्रज्ञानात जपानी ग्राहकांशी जपानीत बोलू शकणाऱ्यांना भाव आहे. जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आणि फ्रेंच शिकवणारी आलियाँस फ्राँसेज यांचेही वर्ग शहरात चालतात, दर्जेदार असतात, पण त्यांची फी प्रत्येकाच्या आवाक्यातली नसते. विद्यापीठाच्या वर्गाचं मोल या फरकात आहे.

भाषेसाठी लांब पल्ल्याचा, संथ वर्ग का लागतो? युरोपीय भाषांच्या पातळ्या आता ए-वन, ए-टू, बी-वन अशा मोजल्या जातात. 2001 पासून रूढ झालेली ही मोजपट्टी ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चारही अंगांनी पारख करते. आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन-दोन तास धरले, तर तीस आठवड्यांत 180 तास होतात. जाहिरातीतला वीस दिवसांचा जलद वर्गही तेवढे तास भरून काढू शकतो. पण हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की नुकतं पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत भराभर विसरलं जातं, आणि अंतराअंतरानं उजळणी केली तर ते टिकतं. एका बैठकीत दहा वेळा वाचण्यापेक्षा दहा दिवसांत दहा वेळा वाचलेलं जास्त काळ राहतं. सोमवारी शिकलेलं बुधवारी पुन्हा समोर येतं, बुधवारचं शुक्रवारी. नोकरी आणि घर सांभाळून रखडत येणाऱ्या माणसाला जी संथ गती नाइलाजानं पत्करावी लागते, तीच मेंदूला मानवते. म्हणून चाळिशीतला विद्यार्थी 'आता डोक्यात राहत नाही' म्हणतो तेव्हा त्याला वयाचा दोष न देता उजळणीचं वेळापत्रक द्यावं.

मोबाइलवर सगळं फुकट असताना वर्गाला कोण जाईल, असं म्हणणारे भेटतात. केंद्र सरकारचं 'स्वयम्' हे ऑनलाइन व्यासपीठ 2017 पासून आहे, देशातल्या उत्तम प्राध्यापकांचे अभ्यासक्रम त्यावर विनामूल्य पाहता येतात, परीक्षा द्यायची असेल तर तेवढं शुल्क. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून घरबसल्या पदवीची सोय करतं, आणि राज्यातल्या असंख्य गृहिणींना आणि कामगारांना त्यामुळेच पदवीधर होता आलं. या दोन्हींचं मोल मी कमी लेखत नाही. पण ऑनलाइन अभ्यासक्रमांना नाव नोंदवणाऱ्यांपैकी अगदी थोडे जण तो पूर्ण करतात, हे जगभर दिसून आलं आहे. कारण आळस नसतो, एकटेपणा असतो. कुणी वाट पाहत नसेल तर थकलेला माणूस घरीच थांबतो. वर्गात आपलं बाक रिकामं दिसलं की कुणीतरी विचारतं.

पाली शिकणाऱ्यांच्या बाबतीत हे फार ठळकपणे जाणवतं. विद्यापीठाच्या पाली विभागातही प्रमाणपत्र आणि पदविकेचे अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारलं गेलं, फारसी घ्यावी लागली. उतारवयात त्यांनी पालीचं व्याकरण आणि शब्दकोश यांवर स्वतः काम केलं. ते आज त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत त्रिसरण-पंचशील पाठ झालं, पण शब्दाशब्दाचा अर्थ लावून मूळ सुत्तं वाचण्याची संधी फार थोड्यांना मिळाली. आई-वडिलांकडून ऐकलेलं आता आपण विभक्तीसकट समजून वाचतो आहोत, याचं समाधान बँकेतून किंवा पोस्टातून निवृत्त झालेल्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर दिसतं. त्याला या कागदावर नोकरी मिळवायची नसते. विद्यापीठानं असे अभ्यासक्रम रोजगाराच्या तराजूत तोलू नयेत.

संध्याकाळच्या वर्गाच्या यशात जागेचा वाटा फार मोठा असतो, आणि धोरण ठरवणाऱ्यांना तो बहुधा उशिरा कळतो. गणेशखिंडीतलं विद्यापीठाचं मुख्य आवार 400 एकरांहून मोठं, झाडीनं भरलेलं, सुंदर आहे. पण फाटकापासून विभागापर्यंत पायी जायलाच वेळ लागतो, आणि अंधार पडल्यावर एकट्या बाईला ते अंतर नकोसं होतं. रानडे इन्स्टिट्यूट भर वस्तीत आहे. डेक्कनचा बसथांबा जवळ, रात्रीही रस्ता जागा, आणि 2023 च्या ऑगस्टपासून डेक्कन जिमखान्याचं मेट्रो स्थानकही चालण्याच्या अंतरावर. वनाजहून किंवा रामवाडीहून येणाऱ्याला आता गाडी काढावी लागत नाही. 2021 मध्ये इथला वृत्तविद्या विभाग मुख्य आवारातल्या विभागात विलीन करण्याची हालचाल झाली, तेव्हा आजी-माजी विद्यार्थ्यांनी कडाडून विरोध केला आणि ते थांबलं. त्या विरोधात आठवणींचा ओलावा होताच, पण त्यात एक रोखठोक व्यवहारही होता. शहराच्या मध्यातली जागा गेली, की संध्याकाळी येणारे विद्यार्थी गळतात. मुंबईत 1946 साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढलं ते शहराच्या मध्यवर्ती भागात, आणि वर्ग ठेवले सकाळचे, म्हणजे पोरांना शिकून तिथूनच कामावर जाता यावं. वेळ आणि जागा यांचा विचार अभ्यासक्रमाइतकाच आधी करायचा असतो.

फी कमी ठेवण्याबद्दल इतकं बोलल्यावर, ती कोणाच्या जिवावर कमी राहते हेही विचारलं पाहिजे. महाराष्ट्रात महाविद्यालयांतून आणि विद्यापीठांतून तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. जितके तास, तितकेच पैसे. सुट्टीचे नाहीत, वह्या तपासण्याचे नाहीत, पाठाच्या तयारीचे तर नाहीतच. अर्धवेळ वर्ग बऱ्याचदा याच शिक्षकांच्या खांद्यावर उभे असतात. विद्यार्थ्याला स्वस्त पडावं म्हणून शिक्षकाला अर्धपोटी ठेवणं, ही फुल्यांची रात्रीची शाळा नव्हे. त्यांनी स्वतःच्या खिशाला झळ लावून शाळा चालवल्या होत्या. बोस्टनमध्येही गव्हाच्या भावात फी परवडली, कारण मागे लोवेलचा निधी होता. आपल्याकडे तो निधी म्हणजे सरकारी अनुदान, विद्यापीठाची स्वतःची गंगाजळी, आणि ज्या कंपन्यांना भाषा येणारी माणसं आयती मिळतात त्यांचा सामाजिक दायित्वाचा पैसा. चाकणच्या एखाद्या कारखान्यानं एका वर्गाच्या शिक्षकाचा वर्षाचा पगार उचलला, तर त्याच्या ताळेबंदात तो सहज मावेल.

ज्याला यंदा प्रवेश घ्यायचा आहे, त्यानं मे-जूनपासून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विभागवार सूचना पाहाव्यात. या अभ्यासक्रमांची मोठी जाहिरात होत नाही, मुदत कमी असते आणि संध्याकाळच्या तुकडीच्या जागा आधी भरतात. शक्य असेल तर विभागात स्वतः जाऊन चौकशी करावी. वर्ग नेमके कोणत्या वारी, हजेरी किती टक्के लागते, परीक्षा कामाच्या दिवशी येते की रविवारी, फी हप्त्यांत भरता येते का, हे खिडकीवर विचारून घ्यावं. परीक्षेचा दिवस आधी कळला तर रजेचा अर्ज वेळेत टाकता येतो. 2021 पासून देशात शैक्षणिक क्रेडिट बँक आहे. आपल्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक तिथं जमा होतात का, हेही विचारावं. होत असतील तर पुढे पदवी पूर्ण करायची ठरवल्यावर ते कामी येतील. पहिल्या दोन महिन्यांत दांड्या पडू देऊ नयेत, कारण अर्धवट सोडणारे बहुतेक दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाहीत. आणि घरात आधी बोलून ठेवावं. आठवड्यातून तीन संध्याकाळी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचं औषध हे कोण बघणार, हे ठरलं नसेल तर बाईचा प्रवेशअर्ज भरला जात नाही, आणि भरला तरी टिकत नाही. त्या तीन संध्याकाळी भाकरी थापायला नवऱ्यानं उभं राहावं.